एका परातीत धुतलेले दोन वर्म

एसटीत मी नेहमी ड्रायव्हरच्या मागची जागा धरते. खिडकीबाहेर काय दिसतं याच्याशी मला देणंघेणं नसतं. मी त्याची मनगटं बघत बसते. रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि हात मात्र चक्रावर सारखे डावी-उजवीकडे डुलताहेत असं दिसलं की समजावं, स्टेअरिंग बॉक्स झिजलाय. अशा वेळी मी पुढच्या थांब्यावर उतरले आहे, एकदा नव्हे, तीन-चारदा. सून म्हणते, आत्या, तुम्ही भलत्याच संशयी. तिला मी म्हणते, बाई, मी तर आमच्या घरातली सगळ्यांत भोळी. माझ्या वडिलांना आणि आईला तू पाहिलं असतंस तर मला साधी म्हणाली असतीस.

आमचं घर कोल्हापुरात उद्यमनगरात. घर म्हणजे पुढं पत्र्याची शेड आणि मागं तीन खोल्या. शेडमध्ये वडील, ज्यांना सगळं उद्यमनगर आण्णा म्हणायचं, जुन्या पिकअप गाड्यांचे स्टेअरिंग बॉक्स दुरुस्त करायचे. फक्त स्टेअरिंग बॉक्स. इंजिन घेऊन आलेल्याला ते हात जोडून शेजारी पाठवत. सकाळी मला जाग यायची ती दोन आवाजांनी: शेडमध्ये बुश ठोकण्याचा मऊ, थांबत थांबत येणारा आवाज आणि स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा. दोन्ही एकाच लयीत चालले असतील तर दिवस बरा जाणार. शेडमधला आवाज मध्येच बंद पडला की आई थापता थापता हात थांबवायची आणि कान द्यायची, कारण त्याचा अर्थ आण्णांना कशाचा तरी संशय आला आहे असा असायचा. रॉकेल, ग्रीस आणि तव्यावरचा खर्डा यांचा मिळून एक वास त्या घराला होता. शाळेत माझ्या वह्यांनाही तो येई आणि शेजारची मुलगी जरा सरकून बसे.

स्टेअरिंग बॉक्सचं प्रकरण तसं सोपं. चक्राच्या दांड्याला खाली जाड आट्यांचा एक तुकडा असतो, त्याला वर्म म्हणतात. तो फिरला की त्याच्यात अडकलेला आडवा शाफ्ट फिरतो आणि त्यानं चाकं वळतात. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, म्हणून वर्म मधोमध झिजतो आणि दोन्ही कडांना कोरा राहतो. अडाणी मिस्त्री वरचा स्क्रू आवळून मधला ढिलेपणा घालवतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि पहिल्याच मोठ्या वळणावर कोऱ्या आट्यांत शाफ्ट अडकतो आणि चक्र परत फिरत नाही. आण्णा असल्या मिस्त्र्यांना खुनी म्हणायचे. ते स्वतः शाफ्टचा झिजलेला भाग वेल्डिंगनं भरून घासत, त्याला धरणारे पितळी बुश बदलत, आणि अगदीच मेलेल्या बॉक्सला दुसऱ्या गाडीचे पार्ट बसवत. त्या काळच्या पिकअपचं वैशिष्ट्यच ते, की एकीचं दुसरीला बसायचं. जीपचा शाफ्ट पिकअपला, पिकअपचा वर्म व्हॅनला. यावर आमचं पोट चालायचं आणि यावरच सगळा संशयही चालायचा. माझा चांगला पार्ट काढून त्याच्या गाडीला घातला नसेल कशावरून, हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत असायचा आणि आण्णांना तो विचारण्याआधीच ऐकू यायचा.

म्हणून आण्णांनी खुणेची पद्धत काढली. लग्नात आलेल्या भांड्यांवर नावं घालतात ना, तशी पार्टांवर घालायची. बॉक्स खोलायचा, त्याचे पार्ट त्याच्या स्वतंत्र परातीत रॉकेलनं धुवायचे, आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्यावर त्याच्या नावाचं अक्षर ठोकायचं. हे काम माझं. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. गुजरीजवळ एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं घालणारे एक म्हातारे होते, त्यांच्याकडे आण्णांनी मला आठ दिवस बसवलं. टिकटिक करत ठिपक्यांचं अक्षर काढायला मी शिकले. आट्यांचं लोखंड कडक, तिथं पंच घसरतो, म्हणून खूण शेवटच्या मऊ टोकावर. अक्षर एवढं सुबक येई की काही लोक ते बघायला उगाच थांबत. शेडच्या भिंतीवर आण्णांनी रंगवून घेतलं होतं, आपला पार्ट, आपली खूण. एकदा खूण पडली की त्यावर कुणी बोलायचं नाही, आण्णांनीसुद्धा.

आता माझ्या भाच्याच्या दुकानात सगळे पार्ट बंद पाकिटात येतात. पाकिटावर चमकणारी चिकटपट्टी असते आणि ती तरी खरी का, हे तो मोबाईल लावून बघतो. म्हणजे फार काही बदललं आहे असं नाही.

आईचा संशय वेगळ्या जातीचा. ती भेंडीचं प्रत्येक टोक मोडून बघायची, नारळ कानाशी धरून पाच-पाच मिनिटं हलवायची आणि रेशनवाल्याला रॉकेल मोजताना त्याच्या अंगठ्यावर नजर ठेवायची, अंगठा मापात किती बुडतो ते. फक्त एका माणसाबद्दल तिच्या मनात काही नसे, तो म्हणजे तिचा धाकटा भाऊ सदा. माझा सदामामा. तो गारगोटीचा. आजी लवकर गेल्यामुळं आईनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं. तिच्याच शब्दाखातर आण्णांनी त्याला शेडमध्ये घेतलं आणि घेतल्या दिवसापासून त्याच्यावर डोळा ठेवला. तो काम करताना शीळ घालतो, म्हणून. गिऱ्हाइकं त्याला नावानं हाक मारतात, म्हणून. आणि मला वाटतं मुख्य म्हणजे, बॉक्सला हात लावताच आत काय बिघडलंय हे त्याला आण्णांच्या आधी कळायचं, म्हणून. जेवताना आण्णा त्याच्या ताटाकडे बघायचे आणि आई आण्णांच्या डोळ्यांकडे. आई त्याच्या भाकरीखाली लपवून लोणी ठेवी, ते मी बघत असे. असे आम्ही सगळे एकमेकांना बघत जेवायचो.

त्या दिवशी एकसारख्या दोन पिकअप एकाच वेळी आल्या. एक शाहूवाडीकडच्या हिंदुराव पाटलांची, दुधाचे कॅन भरून रोज घाट चढणारी. दुसरी कुरुंदवाडच्या चौगुल्यांची, वांगी आणि भाजी घेऊन सपाट रस्त्यानं कोल्हापूरला येणारी. चौगुले गप्पिष्ट माणूस. आल्याआल्या त्यांनी कृष्णाकाठच्या वांग्यांची पाटी मामाच्या हातात दिली आणि मामानं ती आत आणून ठेवली. हिंदुराव म्हणजे आण्णांना सव्वाशेर. दोन्ही बॉक्स खोलून होईपर्यंत ते बाकावर बसले आणि मग एकाएकी म्हणाले, "लक्ष्मीपुरीत जरा काम हाय, मी येतो. तुमच्या हितं खूण असती न्हवं? मग मला कशाचं भ्या?" खूण करण्याआधी उठून गेलेलं ते पहिलं गिऱ्हाईक. आण्णांची छाती फुगली. मला मात्र ते जाणं बरं वाटलं नाही. पण तोवर माझ्यासमोर दुसरीच अडचण उभी होती.

त्या महिन्यात रेशनचं रॉकेल आलंच नव्हतं. आई स्टोव्हसाठी डबा तिरका करून करून थेंब काढत होती. मी दोन पराती घेऊन बसले तशी ती दारातून म्हणाली, "दोन कशाला? एकातच धू. उद्या चहाला काय जाळू, तुजं केस?" आण्णा शेडच्या तोंडाशी होते. मी एका परातीत दोन्ही बॉक्सचे पार्ट घातले. मोठे पार्ट मला ओळखू आले. वर्म मात्र दोन्ही सारखेच. ग्रीस जाऊन स्वच्छ, चकचकीत झाल्यावर तर जुळ्या भावांसारखे. फरक एवढाच, की एक मधोमध खोल झिजलेला, दुसरा सगळीकडून थोडाथोडा. कुठला कुणाचा? आईला हाक मारावी तर आण्णा ऐकतील. मी डोकं चालवलं. घाटातली गाडी, रोज ओझं वाहणारी, तिचंच जास्त झिजणार. मधोमध खोल गेलेल्या वर्मवर मी 'हिं' ठोकलं आणि दुसऱ्यावर 'चौ'. पहिला ठिपका मारण्याआधी माझा हात क्षणभर थांबला होता. मामा समोरच शाफ्ट पुसत होता.

पुढं आण्णा हिंदुरावांचा बॉक्स बांधायला बसले आणि मामा चौगुल्यांचा. मामानं वर्म हातात घेतला, अंगठा आट्यांवरून फिरवला आणि शीळ थांबवून म्हणाला, "दाजी, ह्यो घाटातल्या गाडीचा वाटतोय. सगळीकडनं सारखा घासलाय बघा. वळणावर चालल्याली गाडी हाय ही."

आण्णांनी मानसुद्धा वर केली नाही. "खूण काय म्हणती?"

"खूण चौ म्हणती."

"मग चौगुल्याचा हाय."

मामानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बॉक्स बंद केला. त्याचं बरोबर होतं, हे मला तिथंच कळलं. सपाट रस्त्याची गाडी मधोमध झिजते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि नेमकं त्या वेळी विसरले होते. तेव्हाही बोलले असते तर पंधरा मिनिटांचं काम होतं. मी परात घासायला मागं गेले.

दुपारी हिंदुराव परतले. बॉक्स गाडीवर चढवायचा होता. ते म्हणाले, "आण्णा, एकवार खोला. मला माजा वर्म बघायचाय." आण्णांनी हसत हसत खोलला आणि 'हिं' दाखवलं. हिंदुरावांनी खिशातून चष्मा काढला, वर्मचं टोक उलटंसुलटं केलं आणि सावकाश म्हणाले, "ह्यो माजा न्हवं. गेल्या साली मलकापुरात बॉक्स खोलल्याला, तवा मी करवतीच्या पात्यानं माज्या वर्मवर बारीक खाच मारलीया. तुमची खूण तुमच्यापाशी, माजी माज्यापाशी." चौगुले शेडमध्येच चहा पीत होते. त्यांचा बॉक्स खोलला. 'चौ'च्या बरोबर मागच्या बाजूला, नखाएवढी खाच.

शेडमध्ये आठ-दहा माणसं असतील. सगळे त्या खाचेकडे बघायला वाकले. मग हिंदुरावांचा आवाज चढला. "आंबा घाटात दुधाचं कॅन भरून उतरतो मी. वळणावर चक्र अडाकलं असतं तर पोरंबाळं कुणाच्या दारात आली असती, आण्णा?" आण्णांच्या तोंडावरचा रंग उतरला, कारण हेच वाक्य ते दुसऱ्या मिस्त्र्यांबद्दल बोलायचे. ते माझ्याकडे वळले. "शालन, खुणा कशा बघून केल्यास?"

मी जे बोलले ते अजून जसंच्या तसं आठवतं. "मामा हातात दिला तसं केलो."

मामानं हातातला पाना खाली ठेवला. आण्णांना हवं ते मिळालं होतं. वांग्यांची पाटी, चौगुल्यांबरोबरचा चहा, शीळ, सगळं त्यांनी एका दमात जोडलं: चौगुल्यांचं खाऊन यानं पाटलांचा चांगला वर्म फिरवला. मामा एवढंच म्हणाला, "दाजी, मी सकाळीच म्हटलो की, ह्यो घाटातला वाटतोय."

"म्हंजे तुला सकाळपास्नं ठावं हुतं!" आण्णा ओरडले. चौगुले चहाचा कप ठेवून शपथा घेऊ लागले, पण त्यांचं कोण ऐकतंय. आई मधल्या दारात येऊन उभी होती. तिचा पदर ओलसर होता, हातात अर्धवट चिरलेलं वांगं. मामानं आधी तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे, थोडाच वेळ. आई काही बोलली नाही. मामानं हात रॉकेलच्या फडक्याला पुसले, खुंटीवरचा सदरा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गारगोटीला गेला. वांग्यांची भाजी त्या दिवशी झाली आणि तशीच उरली.

एकच परात होती, हे मला माहीत होतं आणि आईला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं म्हणून तिचं तोंड बंद झालं, का मी खोटं बोलले ते उघडं पडू नये म्हणून, की तिला खरंच त्या घाईत काही जुळलं नाही? मी तिला कधी विचारलं नाही. ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हा संशय मी अजून बाळगून आहे, आणि तो तिच्यावर घेताना मला लाज वाटते, आणि तरी तो जात नाही.

पुढचा महिना-दीड महिना घरात जे काही हरवलं ते मामाच्या नावावर गेलं. भोकं घासायचा रीमर सापडेना, सदानं नेला असंल. बारीक कानस दिसेना, गारगोटीत वापरत असंल. रीमर मला बाकामागं सापडला, तो मी आण्णांच्या पुढ्यात नेऊन ठेवला, तर म्हणाले, "आणून टाकला असंल कुणाच्या तरी हातनं." अशा माणसापुढं काय बोलणार? एका सकाळी जेवताना ते आईला म्हणाले, "तुजा भाऊ चोर निघाला, त्यात तुजा काय दोष." ते तिची समजूत काढत होते, हे सगळ्यांत वाईट. आईनं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती जळू लागली, धूर झाला, आणि आई तिच्याकडे बघत बसून राहिली. मला ते सहन झालं नाही. मी तिथंच, ताटावर बसून सांगितलं. परात, रॉकेल, थांबलेला हात, खोटं, सगळं. आईनं एका परातीत धुवायला सांगितलं होतं, तेवढं मात्र गाळलं.

आण्णा मारतील असं वाटलं होतं. ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "पावण्यांम्होरं बोललोय मी त्याला." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? तूच जा. तूच सांग. ये म्हणावं." त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. आईनं उठून कांदा-लसूण चटणीचा डबा भरला, वर फडकं बांधलं आणि माझ्या हातात दिला. तू पण चल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "माजं हितं काम हाय."

गारगोटीला बाजारपेठेच्या कडेला एका पत्र्याखाली मामा पाण्याच्या पंपाची इंजिनं दुरुस्त करत होता. मला बघून त्यानं पेटी पुढं सरकवली, बस म्हणाला, आणि समोरून चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. रडायचं नाही असं ठरवलं होतं, रडलेच. तो इंजिनाचं झाकण पुसत होता. पुसणं त्यानं थांबवलं नाही.

"मला ठावं हुतं की," तो म्हणाला. "खूण करताना तुजा हात थांबल्याला मी बघितलो."

"मग बोलला का न्हाईस?" मी जवळजवळ भांडलेच. "एवढ्या माणसांत चोर म्हणून घेतलास!"

"बोलून काय? तुज्यावर आलं असतं." झाकण त्यानं खाली ठेवलं. "आनि मी वाट बघत हुतो. कोणतरी म्हणंल, सदा असं करायचा न्हाय. एवढंच. दाजी म्हणायचं न्हाईत, ते ठावंच हाय मला. तू पोरगी, तू भ्यालीस." तो थांबला. चहा आला होता, त्यानं एक कप माझ्याकडे सरकवला. "पर आक्का दारात हुती."

आण्णांनी ये म्हटलंय, असं मी दोनदा सांगितलं. "येतो की कवातरी," म्हणाला. तो येणार नाही हे आम्हां दोघांनाही कळलं. डबा त्यानं ठेवून घेतला, फडक्याची गाठ मात्र सोडली नाही. एसटीत बसवून देताना डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दाजीस्नी सांग, मी रागावलो न्हाय." आईसाठी काही सांगेल म्हणून मी खिडकीतून वाकून बघत राहिले. गाडी हलली.

परत येतानाचा सगळा रस्ता मी एकच हिशेब करत होते, की आईला काय सांगायचं. खरं सांगावं, तर तिनं ते आयुष्यभर उराशी धरलं असतं. खोटं बोलावं, तर खोट्यानंच एवढं सगळं झालं होतं. घरी पोचले तेव्हा शेड बंद होती. आण्णा आत भिंतीला टेकून बसले होते, त्यांना निरोप दिला. त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. आई चुलीपाशी होती. तिनं न वळता विचारलं, "सदा काय म्हणाला?"

"आक्काला इचारलंय म्हण, म्हणाला," मी म्हटलं. "माज्याम्होरंच डबा उघडला. चटणी झ्याक झालीया म्हणाला."

आमच्या घरात एका उत्तरावर कधी कुणाचं समाधान झालेलं नव्हतं. ती आता वळेल, माझ्या तोंडाकडे बघेल आणि दुसरा प्रश्न विचारेल, म्हणून मी उंबऱ्यावरच उभी राहिले. तिनं तो विचारला नाही.